हवापालटाचा वास

माझं नाक हा आमच्या घराण्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपयोगी ऐवज आहे. बघणाऱ्याला वाटतं, याला चार घरं पलीकडच्या फोडणीचा वास येत असणार. प्रत्यक्षात आमच्याकडे दूध करपलं की ते आधी शेजाऱ्यांना कळतं, मग बायकोला, आणि मला चहात. नाक बारा महिने चोंदलेलं. पुण्यातल्या अनेक डॉक्टरांनी त्यात बॅटरी मारून आपापली फी वसूल केली. शेवटी एकाने हात टेकले आणि म्हणाला, "आठवडाभर समुद्रावर जाऊन राहा. खारी हवा घ्या. आता वसंतात किनाऱ्यावर छान सौम्य असतं."

आम्हा पुणेकरांचा वसंत न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली लावून दिलेला आहे. एप्रिलमध्ये व्याख्यानमाला सुरू झाली की तो येतो, आभारप्रदर्शन झालं की जातो. वक्त्याशिवाय वसंत बघायला मिळणार म्हणून मी लगेच तयार झालो. बायकोच्या मैत्रिणीचं माहेर पालीला. "पालीला चाललोय," असं सोसायटीत सांगितल्यावर तिघांनी बल्लाळेश्वरापुढे नारळ वाढवायला पैसे दिले. ही पाली ती नव्हे, हे सांगेपर्यंत ते लिफ्टमध्ये शिरले होते. ते पैसे अजून माझ्याकडेच आहेत.

ही पाली मीरा-भाईंदरची. भाईंदरला पश्चिमेला उतरायचं, उत्तनकडे जाणारी बस धरायची, मिठागरं मागे टाकायची, मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं खिडकीतून मोजायची. उत्तन, पाली आणि चौक ही गावं एकमेकांच्या अंगणात पाय पसरून बसलेली आहेत. या भागाला धारावी बेट म्हणतात. पुन्हा घोटाळा: ती धारावी वेगळी. एकंदर या गावांनी आपली नावं दुसऱ्यांना वापरायला देऊन स्वतः निवांत राहायचं ठरवलेलं दिसतं. चौकला धारावी किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई घेण्याआधी हा घेतला. तिथे उभं राहिलं की खाडीपलीकडे वसई दिसते. मी उभा राहिलो, दिसली, खाली आलो.

मैत्रिणीच्या आईला आम्ही मावशी म्हणतो. सत्तरीच्या आहेत. घरावर क्रूस, दारासमोर वाळू, वाळूत मासळी वाळवायच्या वलांड्या आणि वलांड्यांवर बोंबील. लेकीच्या मैत्रिणीचा नवरा म्हणजे जावईच, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे मला समुद्राकडची सगळ्यात मोठी खोली मिळाली. या मानाची किंमत पुढे कळली.

पहिले दोन-तीन दिवस डॉक्टरचं म्हणणं खरं होतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे गार वारा वाहायचा. मावशी त्याला मतलई म्हणतात. या वाऱ्यावर होड्या बाहेर पडायच्या आणि मी माकडटोपी घालून ओट्यावर बसायचो. ती टोपी बघून पोरं घोळक्याने येऊन जात. पुढे मतलई पडायची, थोडा वेळ पान हलायचं नाही, आणि दुपारच्या तोंडावर समुद्राकडून खारा वारा सुरू व्हायचा. जमीन तापली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा आत घुसते. किनाऱ्याचा सौम्यपणा तो एवढाच. रोज एक वारा वेळेवर कामाला येतो, म्हणून इथल्या लोकांचं डोकं ठिकाणावर राहतं.

मग एक दिवस तो आलाच नाही.

"जावय, आज मतलय पडत नाय," मावशी दहाच्या सुमाराला म्हणाल्या. पूर्वेकडचा कोरडा वारा जोरात असला की तो समुद्राच्या वाऱ्याला दारातच अडवून धरतो. खारा वारा तीन-चार तास उशिरा येतो आणि तेवढ्या वेळात पारा चढतो. मुंबईचा मार्चमधला उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६ चा, सांताक्रूझचा. मी घामाने निथळत मावशींना तो वाचून दाखवला. किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला तापमान किमान ३७ अंश लागतं आणि ते सरासरीच्या साडेचार अंश तरी वर असावं लागतं, हाही नियम वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "असूं दे. बोंबील झकास वाळतात."

हे मात्र बघण्यासारखं होतं. बोंबील म्हणजे मासा कमी आणि पाणी जास्त. शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणीच. हातात धरला तर निसटतो, ठेवला तर पसरतो. तो वाळवायचा तर टांगायला हवा, आणि टांगायला त्याला ना काटा लागतो ना चिमटा. मावशी दोन बोंबील घेतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात, दात दातांत बसतात आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना लोंबते. एक जोडी लावायला त्यांना चुटकीएवढा वेळ लागत होता. मीही बसलो. माझ्या जोड्यांचं एकमेकांशी पटेना, सगळ्या सुटून वाळूत पडल्या. मावशींनी त्या न बोलता उचलून धुतल्या आणि मला चहा दिला. म्हणजे आता उठा.

सुक्या बोंबलाचा हा धंदा पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंतचा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आणि पावसात वाळवायचं तरी कसं? त्यामुळे मार्चचं कोरडं ऊन म्हणजे इथे ऐन सुगी. शिवाय ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असतो, शुक्रवारी मटण-कोंबडी वर्ज्य असते आणि मासळी चालते. त्या दोन-तीन दिवसांच्या भट्टीत सबंध किनारा बोंबलांनी भरून गेला. वास काय सुटला असेल, हे मी कल्पनेने लिहितोय. बायको दुसऱ्याच दिवशी "आईकडे जरा काम आहे" म्हणून पुण्याला परतली होती. मी मात्र दीर्घ श्वास घेत, बहुतेक तोंडानेच, आरोग्य कमावत होतो.

शनिवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं. मावशी वर बघून गप्प झाल्या. २०२३ च्या होळीलाही मुंबई-ठाण्यात अशीच अवकाळी सर आली होती, ती त्या विसरलेल्या नाहीत. पहाटे तीनच्या सुमाराला पत्र्यावर थेंब वाजले आणि सगळी गल्ली उठली. कुणी ताडपत्री ओढतंय, कुणी टोपल्या भरतंय, लहान पोरं झोपेत चालत येऊन जोड्या उतरवतायत. दिवा कुणीच नीट धरलेला नाही आणि तरी कुणी कुणाला धडकत नाही. धडकत होतो तो मी. अर्ध्या तासात पाऊस थांबला. एवढ्याशा पावसाला पुण्यात आम्ही खिडकीसुद्धा लावत नाही.

पण तेवढ्यात बरंच व्हायचं ते झालं. अर्धवट वाळलेला बोंबील भिजला की काळा पडतो आणि त्याला बुरशी धरते. मग तो जातो खताला, नाहीतर कोंबड्यांच्या खाद्याला, मिळेल त्या भावाने. मावशी ओट्यावर बसून कंदिलाएवढ्या उजेडात भिजलेले आणि वाचलेले वेगळे करत होत्या. भिजलेल्यांचा ढीग मोठा होत गेला. त्यांनी एकदाही हाय-हुय केलं नाही. मला मात्र संताप आला. गारपिटीने द्राक्षं झोडपली तर निदान तलाठी येतो, पंचनामा होतो, बातमी येते. या ढिगापाशी कुणी कागद घेऊन आलेलं मी तरी बघितलं नाही. "कोन येतंय?" मावशी म्हणाल्या. "जावय, पंखा कवडा मोठा हाय खोलीतला?"

पंखा मोठा होता. खोलीही मोठी होती, जावयाला दिलेली. उरलेले बोंबील माझ्या खोलीत आडव्या दोऱ्या बांधून टांगले गेले आणि पंखा पाचवर लावला गेला. खाटेच्या वर बोंबील, उशाशी बोंबील, खुंटीवर माझा रेशमी झब्बा आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवरून उतरलेले बोंबील. मला नाकाचा काहीच त्रास नसल्याने मी गाढ झोपलो. इतकी गार, हलती हवा आठवड्यात प्रथमच मिळाली होती.

झब्बा आणला होता तो रविवारच्या साखरपुड्यासाठी. माझ्या मावसभावाची मुलगी, बोरिवलीतला वातानुकूलित हॉल, आणि मुलाकडचे सगळे माळकरी. कांदासुद्धा एकादशी बघून खाणारे. मी झब्बा झटकला, घातला, अत्तर लावलं आणि निघालो. बसमध्ये कुणाला काही वाटलं नाही, कारण ती बस उत्तनहून येत होती. भाईंदरला लोकलमध्ये मात्र चमत्कार झाला. चौथ्या सीटवर टेकलो आणि पहिल्या तिघांना एकाच वेळी दाराशी उभं राहायची हुक्की आली. पश्चिम रेल्वेवर मला कधी एवढा मान मिळाला नव्हता. मी तो झब्ब्याच्या खाती मांडला.

हॉलमध्ये शिरून पाच मिनिटं झाली नसतील तोच कुजबुज सुरू झाली. "उंदीर मेलाय कुठेतरी." हॉलच्या व्यवस्थापकाला बोलावलं. त्याने सतरंज्या उचलल्या. आचाऱ्यावर आळ आला. त्याने पातेल्यांची झाकणं काढून, देवाची शपथ घेऊन, पनीर ताजं असल्याचं सांगितलं. मुलाचे काका खुर्चीवर चढून एसीच्या झडपांत डोकावू लागले. मुलीकडचा वडीलधारा माणूस म्हणून मी गप्प बसणं बरं दिसलं नसतं. मी पुढाकार घेतला. कोपरा न् कोपरा तपासला, पडदे झटकले, स्टेजखाली वाकलो. आणि विचित्र प्रकार असा की मी जाईन तिथे लोक ओरडत, "इथेच आहे! इथेच आहे!" मी तिथून हललो की वास हलायचा. "फिरता उंदीर आहे," असं निदान मीच केलं. मावसभाऊ माझ्याकडे टक लावून बघत होता. वहिनींनी पदर नाकाला लावून मला लांबूनच विचारलं, "भावजी, तुम्ही उतरलात कुठे?"

मी उत्तर देणार एवढ्यात कुणीतरी माझी बाही धरली. मुलाची आजी. ऐंशीच्या पुढच्या, गळ्यात तुळशीची माळ, मघापासून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या. त्यांनी बाही जवळ ओढली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"उत्तन की पाली?" त्या हळूच म्हणाल्या.

"पाली."

"पाऊस पडला ना रात्री? घरात टांगले असतील." बाही त्यांनी सोडली नाही. "माझं माहेर वसईकडचं. आमच्या दारात वलांडी होती. सोळाव्या वर्षी इथे आले नि माळ घातली."

मग आवाज चढवून त्या साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अरे, उंदीर नाही नि काही नाही! त्या एसीचं पाणी नासलंय. बंद करा तो, खिडक्या उघडा!"

एसी बंद झाला, खिडक्या उघडल्या. वारा आता समुद्राकडून होता आणि उकाडा बेताचा होता. भटजींनी मंत्र पुन्हा सुरू केले. आजींनी मला शेजारी बसवून घेतलं आणि अंगठ्या घालून होईपर्यंत माझी बाही त्यांच्या हातात होती. मी विचारलं, "पुढच्या वेळी थोडे आणू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "एवढं पुरे."

नाक तसंच चोंदलेलं आहे. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, डिसेंबरमध्ये जायला हवं होतं. झब्बा तीनदा ड्रायक्लीन करून आला. चौथ्यांदा दुकानदाराने घ्यायला नकार दिला. मावशींचं त्या रात्री नक्की किती नुकसान झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. निघताना एक पुडकं तेवढं हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

पालीला जायचं असेल तर माझा सल्ला असा: फेब्रुवारीतच जा, सकाळी दहाच्या आत फिरून घ्या, आणि बारापर्यंत वारा फिरला नाही तर सावलीत बसून राहा. मार्चमध्ये गेलात तर सुके बोंबील वाळवणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि भावात घासाघीस करू नका. ती सांगते त्या भावात रात्रीच्या पावसात गेलेल्या मालाची भरपाई धरलेली नसते. आणि गळ्यात माळ असेल तरी वलांड्यांपर्यंत चालत जायला हरकत नाही.