दुसरं तळण

रोज स्वयंपाक करणारं माणूस ओट्याशी गप्प असतं. सटीसामाशी करणारं बोलतं. आमचे साडू बोलतात.

सध्या त्यांच्यावर कोरियन फ्राइड चिकनचा अंमल आहे. त्याआधी पिझ्झाचा होता. आमंत्रण जेवणाचं असतं, पण ॲप्रन बांधलेले साडू पाहुण्याला दारातच गाठतात आणि थेट दक्षिण कोरियातल्या दैगू शहरात नेऊन सोडतात. तिथल्या युन जोंग-ग्ये नावाच्या दुकानदारानं १९८०च्या सुमारास तळलेल्या चिकनला तिखट-गोड सॉस चोपडला आणि सोबत आंबट-गोड मुळा द्यायची पद्धतही त्याच्याच नावावर सांगतात, एवढं सगळं आपली चप्पल काढून होईतो ऐकून झालेलं असतं.

ओट्यावरची मांडामांड बघण्यासारखी. वजनकाटा, थर्मामीटर, जाळी, दोन चिमटे. कोंबडी मात्र सकाळी ताईंनी, म्हणजे साडूंच्या बायकोनं, आणलेली, धुतलेली आणि आलं, मीठ, मिरपूड लावून मुरत ठेवलेली. मुळाही आदल्या रात्री त्यांनीच चिरला. साडूंनी फूटपट्टी पुरवली. फोडी दीड सेंटीमीटरच्याच हव्यात. साखर, व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, चवीला मीठ. डबा उघडला की घरभर जो दर्प सुटतो, त्याबद्दल साडू अवाक्षर काढत नाहीत. ताई काढतात. "दह्याला वास लागलाय. उद्या ताक तुम्हीच प्या."

"मैदा का नाही, सांगा बघू साडूभाऊ?" साडू विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "मैद्यात ग्लुटेन. कवच चिवट होतं. बटाट्याचं स्टार्च घ्यायचं, म्हणजे दाताखाली तडकतं. अगं, झारा!" झारा त्यांच्या कोपराशीच असतो. ताई हॉलमधून येतात, झारा त्यांच्या हातात देतात आणि परत जातात.

१६० अंशांना पहिला घाणा सुटतो. साडू कढईकडे कान करतात. "ऐका. आत्ता खळखळ आहे ना? पाणी निघतंय. आवाज बारीक झाला की काढायचं." तेवढ्यात चष्म्यावर तेल उडतं. पुसायला ते ॲप्रनचं टोक घेतात. टोकाला स्टार्च लागलेलं असतं. पुढचा काही वेळ त्यांना दिसत काहीच नाही, पण निरूपणात खंड पडत नाही.

तुकडे जाळीवर आले की मुलांचे हात पुढे होतात. "हात मागे! आतलं पाणी अजून कवचात यायचंय. १८० अंशांना दुसऱ्यांदा तळलं की ते उडून जातं. मग खरा कुरकुरीतपणा." साडूंचा ह्या पदार्थावर जीव का जडला, ते इथे कळतं. पिझ्झा भट्टीतून निघाला की लोक त्याच्यावर तुटून पडायचे आणि वक्ता उघडा पडायचा. इथे दोन तळणांच्या मधला वेळ शास्त्रानंच मोकळा ठेवलाय. त्यात २००२चा फुटबॉल विश्वचषक येतो, तेव्हा कोरियाभर चिकनबरोबर काय पिण्याची लाट आली ते येतं. फक्त 'बिअर' हा शब्द सासूबाईंकडे बघून खालच्या पट्टीत येतो.

अखेर ताटं वाढली जातात. अर्धे तुकडे कोरडे, अर्धे गोचुजांग (कोरियन मिरचीची पेस्ट), लसूण आणि साखरेच्या लालभडक सॉसमध्ये घोळलेले. सासूबाई चिकन खात नाहीत. त्या आमटीभाताशी मुळा खातात आणि वाटी पुन्हा पुढे करतात.

"मुळा फक्कड झालाय हो," त्या ताईंना म्हणतात.

"प्रमाण, आई, प्रमाण!" साडू उत्तरतात.

जेवणं झाल्यावर तेल गाळायचं असतं, स्टार्चनं पांढरा झालेला ओटा पुसायचा असतो, कढई घासायची असते. ह्यामागे काही शास्त्र नसल्यामुळे त्यात साडू नसतात.

पण चिकन उत्तम होतं, ह्यात वाद नाही. सॉसपुराण, मुळापुराण आणि मुलांच्या शंकांचं समाधान आटोपून तुकडा तोंडात जाईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, तरी तो कुर्रकन वाजतो. दोनदा तळल्यामुळे तो एवढा वेळ टिकतो. साडूंनी पदार्थ फार विचार करून निवडलाय.