थर्माकोलवाले काका

पुतणीने इरकली साड्या विकायचं मनावर घेतलं, तेव्हा घरात खातेवाटप झालं. माझ्याकडे थर्माकोल आला. पांढरा थर्माकोल म्हणजे स्वस्तातला रिफ्लेक्टर. त्यावर ऊन झेलायचं आणि मवाळ करून मॉडेलच्या तोंडावर टाकायचं. वारा सुटला की धरणारा माणूसच पतंगासारखा गोते खातो, ती गोष्ट वेगळी.

जागा ठरली वांद्र्याचा चॅपल रोड. इथल्या जुन्या घरांच्या भिंती चित्रकारांनी फार हौसेने रंगवल्यात. आमच्या वाट्याच्या भिंतीवर पिवळ्याधमक रंगावर एक अवाढव्य पोपट होता. साडीही पोपटी. "मॅचिंग आहे, काका!" मॅचिंग इतकं जमलं, की पहिल्या फोटोत साडी पोपटात गडप आणि बाहेर फक्त मॉडेलचं मुंडकं व बांगड्या भरलेले दोन हात. भिंतीला टेकून उभी केली, तर पिवळा रंग गालावर परतून कावीळ झाल्यासारखी दिसे. चार हात पुढे आणली, तर फोटोग्राफर पोपटच धूसर करून टाकी. धूसरच करायचा तर आमच्या सोसायटीची भिंत काय वाईट होती? पण थर्माकोलवाल्याने असलं विचारायचं नसतं.

मॉडेलचा मेकअप पुन्हा सुरू झाला, तेव्हा लाइट बघायला मला उभं केलं. "काका, पदर घ्या ना जरा." घेतला. 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) दादासाहेब फाळक्यांना बाई मिळेना, म्हणून त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. पुढे 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. त्याच फाळक्यांचं इमारतभर चित्र इथून जवळ, वांद्रे रेक्लमेशनला रंगवलं गेलं होतं. म्हणजे माझ्या पदराला परंपरा होती. नाक्यावरून एक शिट्टी आली. ती पोपटाला होती असं मी धरून चालतो.

शेवटी फोटोग्राफरला तोड सापडली. साडीचा लाल टोपपदर पसरायचा, तो पोपटाच्या लाल चोचीशी जुळवायचा. सगळे जागेवर, थर्माकोल उचललेला, आणि वरची खिडकी उघडून एका आंटींनी निळ्या चौकड्यांची चादर नेमकी चोचीवर वाळत टाकली.

"आंटी, दोन मिनिटं काढता का?" पुतणीने विचारलं.

"पोपट तुमचा, खिडकी माझी," आंटी म्हणाल्या. "सकाळपासून तू तिसरी. सुकली की काढते."

भिंतीमागे माणसं राहतात, त्यांचे कपडे ओले असतात, हे आमच्या शूटच्या यादीत नव्हतं. ऊन उतरायला लागलं. आंटींचं बरोबर होतं, त्यामुळे वादालाही जागा नव्हती. चादरीसकट फोटो काढले.

त्यातला एक पुतणीने टाकला. पहिली चौकशी तासाभरात आली: "मागची चादर सोलापुरी आहे का? डबलबेडची केवढ्याला?"

इरकली हवी असेल तर जरूर कळवा. चादर आमच्याकडे मिळत नाही.