काडीमोडीची फाइल : एका सेक्रेटरीचं मार्गदर्शन

सोसायटीच्या सेक्रेटरीला लग्नात शेवटच्या पंगतीला बोलावतात आणि घटस्फोटात पहिल्याच दिवशी. कारण साधं आहे. शिक्का त्याच्याकडे असतो.

आमची बिल्डिंग जेसल पार्कची, भाईंदर पूर्व. गच्चीवर गेलं की खाडी दिसते, पलीकडे नायगाव, आणि मधल्या पुलावरून जाणाऱ्या विरार लोकल. संध्याकाळी निम्मं जेसल पार्क चौपाटीवर फेऱ्या मारत असतं. नवी जोडपी खेटून चालतात, जुनी पुढेमागे चालतात. आमच्या चौथ्या मजल्यावरचं जोडपं मात्र समोरासमोरून यायचं. तो स्टेशनच्या अंगाने, ती जेट्टीच्या अंगाने. म्हणून एका रविवारी ती दोघं एकत्र माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, थकलेला मेंटेनन्स भरायला आली असतील.

"काका, एक दाखला हवा होता," ती म्हणाली. "आम्ही दोघं इथे एकत्र राहत होतो असा."

"आणि आता राहत नाही असाही," तो म्हणाला.

बारा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो. तेव्हापासून फाइल लागेपर्यंत जे जे घडलं त्यातून हे मार्गदर्शन सिद्ध झालं आहे. ते परस्परसंमतीने मोडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना भांडून मोडायचं आहे त्यांनी वकील आणि सवड दोन्ही जास्त ठेवावं. त्याचा मला अनुभव नाही. आणि हे हिंदू विवाह कायद्याचं, म्हणजे १९५५ सालचं, शास्त्र आहे. उत्तनच्या ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा कायदा लागतो. पारशी, मुसलमान आणि नोंदणी पद्धतीने लग्न केलेले, यांची दारं आणखी वेगळी.

सर्वप्रथम आडवाटेचा मोह टाळावा. खालच्या इस्टेट एजंटाने चौथ्या मजल्याला सल्ला दिला होता : शंभराचा स्टॅम्पपेपर घ्या, दोघं सह्या करा, नोटरीचा शिक्का मारा, झालात मोकळे. यात दोन चुका आहेत. एक, शंभराचं काम आता पाचशेवर गेलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने ती किमान रक्कम वाढवली. दुसरी चूक किरकोळ आहे, ती म्हणजे असा घटस्फोट होतच नाही. नोटरी सही खरी असल्याचं सांगतो, लग्न संपल्याचं सांगण्याचा अधिकार त्याला नाही. अशा कागदावर विसंबून दुसरा संसार मांडलेल्या माणसाचा पहिला संसार कायद्याच्या लेखी चालूच असतो, आणि ते कळतं सहसा पेन्शनच्या वेळी.

आपल्याकडे पूर्वी हे काम सुटसुटीत होतं. पंचांसमोर गवताची काडी मोडायची, म्हणून काडीमोड. लिहिता येत असेल तर सोडचिठ्ठी. अनेक जातींत हे चालायचं, आणि गंमत म्हणजे अजूनही चालतं : १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ ने रूढीने होणारी फारकत शाबूत ठेवली आहे. फक्त आपल्या समाजात अशी रूढी आहे, जुनी आहे, सतत चालत आली आहे, हे कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. म्हणजे काडी एक आणि तिच्यामागे गवताची गंजी. उरलेल्यांना, म्हणजे ज्यांच्यात काडीही नव्हती त्यांना, मुंबई प्रांतात १९४७ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ लाच वाट काढून दिली होती. त्याआधीची परिस्थिती विचारायची असेल तर रखमाबाईंना विचारावी. अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नापायी १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने त्यांना सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये नवऱ्याने २००० रुपये घेऊन दावा सोडला आणि बाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. त्यांच्या मानाने आपल्याला फक्त झेरॉक्स काढायच्या आहेत, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावं.

तर, लग्न मोडण्यासाठी पहिला कागद लागतो तो लग्न झाल्याचा.

इथे चौथा मजला अडखळला. लग्न होऊन अकरा वर्षं झालेली, मंडप दारातला, गाव गुहागरकडचं, आणि नोंदणी कुणीच केलेली नव्हती. हॉलचं बुकिंग नाही, केटररची पावती नाही. पत्रिका होती, पण तिच्यावर तारखेऐवजी शके, तिथी, गोरज मुहूर्त आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं बरंच काही होतं. पत्रिका, फोटो आणि शपथपत्र एवढ्यावरही कोर्टात भागतं, वकीलबाई म्हणाल्या, पण प्रमाणपत्र असलेलं बरं. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. नव्वद दिवसांत नोंदवा म्हणतो, पण उशीर झालेल्यांनाही दार बंद करत नाही. जादा शुल्क घेतो.

त्यामुळे घटस्फोटाच्या तयारीचा पहिला टप्पा म्हणून चौथ्या मजल्याने लग्न केलं. म्हणजे नोंदवलं, पण सामग्री तीच : वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. साक्षीदार म्हणून तिचा भाऊ, त्याची मावशी आणि शिक्क्यासकट मी. भटजी गुहागरहून पनवेलला लेकाकडे राहायला गेलेले. त्यांना फोन केला तर आशीर्वाद देऊन विचारतात, "एवढ्या वर्षांनी नोंदणी? परदेशी निघालात वाटतं!" दोघांनीही हो म्हटलं. अकरा वर्षांत एकमेकांना सांभाळून खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच खेप असावी. पासपोर्ट फोटो काढताना फोटोवाला म्हणाला, थोडं जवळ या. त्याला सवय होती, ती दोघं जवळ आली.

प्रमाणपत्र हातात आलं आणि नावाचा घोळ निघाला. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. हौस म्हणून छान असतं. पण ती आधारकार्डावर जन्माच्या नावाने, बँकेत तांदळातल्या नावाने, पॅनवर माहेरच्या आडनावाने आणि रेशनकार्डावर 'पत्नी' एवढ्याच नावाने नांदत होती. न्यायालयाला एक अर्जदार पाहिजे असतो, इथे साडेतीन बायका उभ्या राहिल्या. त्या सगळ्या एकच आहेत असं शपथपत्र करावं लागलं. कोर्टात दाखल करायच्या शपथपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, राज्य सरकारने २००४ मध्येच ते माफ केलं आहे. तरीही कोपऱ्यावरचा माणूस 'घ्या की, बरं दिसतं' म्हणतो. घेऊ नये. पुढे मोकळं झाल्यावर जुनं नाव परत हवं असेल तर राजपत्रात छापून घ्यावं लागतं, ती आणखी निराळी फाइल. ज्यांच्या घरी आता लग्न ठरलं आहे त्यांनी तांदळाची खीर करावी, एवढं सुचवून पुढे जातो.

दुसरा मोठा विषय वेगळं राहण्याचा. कलम १३-ब सांगतं की अर्जाआधी किमान एक वर्ष दोघं वेगळी राहत असली पाहिजेत. हे १९७६ साली कायद्यात आलं तेव्हा जेसल पार्कातली भाडी कुणी विचारात घेतलेली दिसत नाहीत. इथला वन बीएचके म्हणजे हॉलमध्ये दिवाण उघडला की किचनचं दार बंद होतं. वेगळं राहायचं तर दुसरी खोली, तिचं डिपॉझिट, ब्रोकर, आणि पुन्हा कुठल्या तरी सेक्रेटरीची सही. चौथ्या मजल्याचं यावर म्हणणं असं की आम्ही वेगळेच राहतो : ती बेडरूममध्ये, तो हॉलमध्ये, दीड वर्ष झालं. मला हे हास्यास्पद वाटलं. पण वकीलबाईंनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाने १९९१ साली नेमकं हेच म्हटलं आहे : वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी वेगळं राहता येतं, आणि छपरं दोन असली तरी परिस्थितीमुळे नवरा-बायको म्हणूनच राहत असू शकतात. दुबईतले नवरे आठवले आणि मला हे एकदम पटलं.

आता याचा दाखला मी कसा द्यायचा? सेक्रेटरीला हॉल आणि बेडरूममधली सरहद्द माहीत असायचं कारण नाही. शेवटी 'सदर सदनिकेत उभयता वास्तव्यास असून सोसायटीस त्यांच्यापैकी कोणाचीही एकत्र तक्रार प्राप्त झालेली नाही' असं लिहून दिलं. वकीलबाईंनी ते बाजूला ठेवलं. ती माहेरी डोंबिवलीला गेली तेव्हापासूनच्या नव्या पत्त्याचे कागद आणि दोघांची शपथ, एवढ्यावर काम झालं.

अर्ज कुठे करायचा याचे पर्याय कलम १९ देतं : लग्न लागलं तिथे, समोरचा राहतो तिथे, शेवटचं एकत्र राहिलो तिथे, आणि अर्ज बायकोचा असेल तर ती राहते तिथेही. म्हणजे गुहागर, जेसल पार्क, डोंबिवली. एकमताने जेसल पार्क ठरलं. २०२५ च्या मार्चमध्ये मीरा रोडला आपलं स्वतःचं न्यायालय सुरू झालं, म्हणून मी उत्साहाने म्हणालो, रिक्षाने जाऊ. तर ते कनिष्ठ स्तराचं. लग्न जमवायला वरिष्ठ लागतात तसे ते मोडायलाही लागतात, आणि आपले वरिष्ठ ठाण्याला बसतात. नकाशात ठाणे जवळ दिसतं. काशीमीरा, वरसावे, गायमुख असा घोडबंदर रस्ता आहे, आणि गायमुखच्या चढाला ट्रेलर बंद पडला की रस्ता फक्त नकाशातच उरतो. तारखेच्या दिवशी दोघांनी वेगवेगळं निघावं असा शहाणा सल्ला मी दिला होता. दोघांनी मिळून कॅब केली. पैसे अर्धे अर्धे.

पैशांच्या कागदांबद्दल थोडक्यात. पगाराच्या स्लिपा, इन्कमटॅक्सचे रिटर्न, पासबुकं, कर्जाचे खाते उतारे. पोटगीवर वाद असेल तर मालमत्ता आणि देण्यांचं सविस्तर शपथपत्र द्यावं लागतं; २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून त्याचा नमुनाच ठरलेला आहे, आणि तो भरताना नवऱ्याला आपली बचत आणि बायकोला नवऱ्याची बचत एकाच वेळी प्रथम समजते. बायकांना महाराष्ट्रात घटस्फोटाच्या अर्जाला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून.

संमतीच्या अटींचा मसुदा हा खरा ग्रंथ. मुलाचा ताबा, भेटीचे वार, गणपतीत कुणाकडे आणि मे महिन्यात कुणाकडे, स्त्रीधन, भांडी, एकरकमी पोटगी, यापुढे एकमेकांवर दावे न करण्याची हमी. मुलाच्या कलमाला त्यांना सर्वांत कमी वेळ लागला, वीस मिनिटं. मिक्सरला दोन बैठका लागल्या. फ्लॅट मात्र सुटेना, कारण त्यावर कर्ज दोघांच्या नावाने आहे, आणि बँक या संमतीत पक्षकार नाही. न्यायाधीश नवरा-बायकोला सोडवतील, सहकर्जदारांना सोडवत नाहीत. दोघांमधलं सर्वांत टिकाऊ नातं ते, आणि त्याची सप्तपदी दोनशे चाळीस हप्त्यांची. हा मसुदा शांतपणे, दिवसाउजेडी, पोटभर खाऊन करावा. विम्याची आणि पीएफची वारस नावंही त्याच बैठकीत बदलायला घ्यावीत. ती आपोआप बदलत नाहीत, आणि मग श्राद्ध एक घालतो, पैसे दुसऱ्याला मिळतात.

आता झेरॉक्स. प्रत्येक कागदाचे किमान तीन संच : कोर्टाचा, तुझा, माझा. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका, खाली पडताळणी, दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर. कोण अर्जदार क्रमांक एक आणि कोण दोन यावर पाऊण तास गेला. पत्रिकेत चि. आधी होता आणि चि. सौ. कां. नंतर, तेव्हा या वेळी उलट व्हावं, असा तोडगा मी काढला. झेरॉक्सवाल्याने दाभणाने भोकं पाडून टॅग ओवला. ती पानं सरळ धरत होती, तो गाठ मारत होता. वकीलपत्रही जोडावं; कौटुंबिक न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्यात वकील हा हक्क नाही, परवानगीने मिळतो, आणि ही गोष्ट वकील शेवटी सांगतात.

फाइल लागली की न्यायाधीशांच्या आधी समुपदेशक भेटतात. जुळतंय का, हे बघणं त्या कायद्याने कोर्टावर टाकलेलं कामच आहे. त्यानंतर सहा महिने विचाराला. २०१७ पासून हे सहा महिने न्यायाधीशांना माफ करता येतात, पण आधी सगळे प्रयत्न होऊन गेलेले असावेत, देण्याघेण्याचं मिटलेलं असावं. चौथ्या मजल्याचं फ्लॅटचं मिटलं नव्हतं, म्हणून थांबावं लागलं. या मुदतीत दोघांपैकी कुणीही संमती काढून घेऊ शकतं, आणि अठरा महिन्यांत दुसऱ्यांदा एकत्र येऊन सांगितलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. काढून घेईल की काय, या भीतीने त्या सहा महिन्यांत दोघंही एकमेकांशी अतिशय सौजन्याने वागत होती. तिने डोंबिवलीहून कुळथाचं पीठ पाठवलं. त्याने मिक्सर नेऊन दिला.

हुकूमनामा झाल्यावर प्रमाणित नकला जास्त घ्याव्यात. पासपोर्ट, बँक, शाळा, सगळे मागतात. त्यांनी दोन-दोन घेतल्या. परतताना गायमुखला ट्रेलर आडवा होता, त्यामुळे जेसल पार्कला पोचेपर्यंत रात्र झाली. खाली गेटपाशी कॅब थांबली तेव्हा मी वॉचमनशी पाण्याच्या वेळेवरून बोलत होतो. तिला शेवटची लोकल गाठायची होती. हातात ती जाडी फाइल, अर्जापासून पत्रिकेपर्यंत सगळे मूळ कागद असलेली. तिने ती त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, तूच ठेव, माझ्याकडे हरवेल. ती म्हणाली, माझ्याकडे आईच्या हाती लागेल.

ही फाइल कुणाकडे राहील ते संमतीच्या अटींत लिहायचं राहून गेलं होतं. मार्गदर्शन घेणाऱ्यांनी ते कलम आठवणीने घालावं. सध्या ती सोसायटीच्या कपाटात आहे, लिफ्टच्या करारनाम्याखाली. दोघांपैकी कुणीतरी येऊन घेऊन जाईल म्हणून मी अजून तिला नंबर दिलेला नाही.