लॅपटॉप पाहणारे भाऊ

जळगाव-धुळ्याकडे एक भाऊ हमखास भेटतात. गळ्यात कॅमेरा, पाठीवर सॅक आणि प्रवासात फोटो एडिट करायला लॅपटॉप घ्यायचा पक्का निर्धार. निर्धार इतका पक्का, की लॅपटॉप काही येत नाही. गोलाणी मार्केटमधले दुकानदार त्यांना चहा विचारतात. बिलबुक मात्र बाहेर काढत नाहीत. ‘‘लिधा का मंग?’’ असं कुणी विचारलं, की ‘‘देखी ऱ्हायनू’’ हे उत्तर तयार. निवड अवघड आहे म्हणून उशीर होतो, असं भाऊ सांगतात. उशिराचं कारण ते नाही, असं माझं म्हणणं आहे.

मुळात निवड फारशी अवघड नाहीच. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण 25-30 एमबीची. हजार फोटो काढले तरी 30 जीबीच्या आत. 16 जीबी रॅम, एक टीबी एसएसडी आणि एसआरजीबीचे सगळे रंग दाखवणारा स्क्रीन असला की हौशी माणसाचं भागतं. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी, उजेड बेताचा, त्यामुळे फोटोत दाणे येतात. ते साफ करायला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं तर वेळ वाचतो. हा सगळा हिशोब एका संध्याकाळचा. पण भाऊ सुवर्णनगरी जळगावचे, वजन ग्रॅममध्ये पाहणारे. सव्वा किलोच्या मॉडेलला दीडशे ग्रॅम जास्त म्हणून नकार देतात आणि मग चार्जर, ट्रायपॉड, तीन लेन्स नि दशम्यांचा डबा भरलेली सॅक खांद्यावर टाकून चालू लागतात.

यावर कुणी म्हणेल, सत्तर-ऐंशी हजारांची वस्तू आहे. माणसाने पारखून घेऊ नये का? जरूर घ्यावी. खानदेशात तर पारखायला खास कारण आहे. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान सांगतात आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45च्या वर जातो. म्हणजे गरम हवा कुठून बाहेर पडते, भर उन्हात स्क्रीन दिसतो का, हे इथल्या माणसाने आधी विचारायला हवं. भाऊ नेमकं तेच विचारत नाहीत. पुढच्या महिन्यात नवा प्रोसेसर येणार का, एवढंच विचारतात. तो येतो, तेव्हा त्याच्या पुढच्याची बातमी आलेली असते. याउलट लग्नाचे फोटो काढणारा पाहा. बुकिंगचा ॲडव्हान्स हातात पडला, की संध्याकाळी लॅपटॉप त्याच्या गाडीत. अमळनेरची हळद आटोपून शिरपूरच्या लग्नाला जाताना तो मागच्या सीटवर फोटो निवडत असतो. पैसे त्यालाही झाडाला लागलेले नसतात. पण त्याला जायचं असतं.

दुसरा आक्षेप असा, की चांगलं साधन नसेल तर चांगलं काम कसं होणार? त्याचं उत्तर चाळीसगावात आहे. छायाचित्रकार केकी मूस यांनी आयुष्याची कित्येक दशकं रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरातून जवळपास बाहेर न पडता काढली आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून निसर्गदृश्यं उभी करून जगभर नाव मिळवलं. बरं, प्रवासच करायचा तर धडा घ्यावा रॉबर्ट गिलचा. 1844 मध्ये त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवण्याच्या कामावर नेमलं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांची दुसरी प्रत नव्हती. भाऊंनी यातून दुसरी हार्ड डिस्क घ्यायला शिकावं. लॅपटॉपच्या निम्म्याहून कितीतरी कमी पैशांत ती येते. पण तिच्यावर चर्चा रंगत नाही, म्हणून ती यादीत नाही.

तेव्हा निष्कर्ष सरळ आहे: ज्याचा प्रवास ठरलेला असतो, त्याचा लॅपटॉपही ठरतो. भाऊंचा लांबचा प्रवास म्हणजे जळगावहून साठेक किलोमीटरवरचा अजिंठा. रात्रीच्या जेवणाला ते घरी असतात आणि घरात डेस्कटॉप आहे. त्यांनी आधी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा किंवा तोरणमाळचा मुक्काम ठरवून टाकावा. लॅपटॉप त्याच आठवड्यात येईल. मग मात्र भाऊंना एक नवी अडचण येईल: फोटो एडिट करावे लागतील.