वजन सांगा, पंख घ्या

टी. टी. नगरातून समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत झोपावं लागतं, आणि बरंच खालीही उतरावं लागतं. बड्या तलावाची पूर्ण भरण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १६६६.८० फूट. हा आकडा भोपाळच्या माणसाला दशांशासकट पाठ असतो. बायकोच्या वाढदिवसाबाबत तो इतका काटेकोर नसतो. अशा उंच, बिनलाटांच्या जागी बसून मी यंदा लाटांवर उडणाऱ्यांचा सल्लागार झालो. फी मिळाली नाही, पण आमच्या घराण्यात ती सल्ल्याच्या आड कधी आलेली नाही.

झालं असं की माझा भाचा ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या किनाऱ्याला राहतो आणि त्याला प्रोन फॉइलिंगचं खूळ लागलं. प्रकार असा. एक आखूड बोर्ड, त्याच्या पोटाखाली पाऊण मीटरभर लांब दांडा, आणि दांड्याच्या टोकाला छोट्या विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा, मागचा लहान. बोर्डावर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारत लाट पकडायची आणि झटकन उभं राहायचं. वेग आला की पाण्यातला पंख उचल देतो, बोर्ड हवेत येतो आणि माणूस पाण्याला न शिवता लाटेवरून घसरत जातो. नेहमीचे सर्फर ज्या गुडघाभर लाटेकडे ढुंकून पाहत नाहीत, तीसुद्धा यात चालते. निदान चालावी अशी अपेक्षा असते. भाच्याची चालत नव्हती.

दुकानदाराने त्याला पहिलाच प्रश्न विचारला होता, वजन किती? भाच्याने ७० सांगितलं. हे त्याचं व्हिसाच्या वेळचं वजन. दुकानदाराने तक्त्यावर बोट ठेवून १००० चौरस सेंटिमीटरचा पंख दिला. पंखाचं माप असं क्षेत्रफळात सांगतात. लाट आली की भाचा हात मारायचा, उभा राहायचा, आणि बोर्ड जागचा वर यायचा नाही. शेवटी त्याचा फोन आला, "मामा, तुम्ही पाण्याचे इंजिनिअर ना? जरा हिशोब बघा."

मी पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलं. आमच्याकडे पाण्याने माणूस उचलला तर चौकशी बसते. तरी भाच्याचा शब्द मोडवेना. म्हटलं, आधी खरं वजन सांग. तो म्हणाला, काटा बाथरूममध्ये आहे, फरशी तिरपी आहे. मग नागपूरला ताईला विचारलं. ती भडकली. "पोराचं वजन काय विचारतोस? दृष्ट लागते. आणि आहे कुठे वजन, नुसता वाळलाय." पुढच्या फोनवर वाळलेला भाचा कबूल झाला. ८८.

आता लाइटबिलाच्या पाठीवरचा हिशोब. पंखाची उचल तीन गोष्टींवर वाढते: पाण्याची घनता, पंखाचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. चौथा एक गुणक असतो. तो पंखाच्या आकारावर आणि किती तिरपा धरला यावर ठरतो, आणि एका मर्यादेपलीकडे तिरपा धरला की पंख उचल सोडून देतो. उचलायचं असतं ते माणूस अधिक सामान. बोर्ड, दांडा, पंख आणि ओला सूट मिळून ८ किलो धरले. म्हणजे दुकानदाराने ७८ किलोंना १००० दिले होते आणि प्रत्यक्षात लाटेवर ९६ किलो येत होते. सरळ त्रैराशिक, १२३०.

पण इथे थांबलं तर पाटबंधाऱ्याची नोकरी वाया गेली म्हणायची. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमुळावर चालतो. कालव्याच्या हिशोबात आम्ही हेच सूत्र वापरत आलो. एक मीटर खोलीत लाट ताशी साधारण ११ किलोमीटरने जाते, अर्ध्या मीटरमध्ये ८ ने. लहान लाट फुटतेच उथळ पाण्यात, म्हणजे ती जन्मतःच मंद. स्वार तिला आडवा कापत गेला तर थोडा जास्त वेग मिळवतो, पण उसना वेग किती आणणार? भाच्याचा वेग चांगल्या लाटेवरच्या वेगापेक्षा नुसता १० टक्के कमी धरला, तरी वेगाचा वर्ग असल्यामुळे पंख सुमारे २३ टक्के वाढवावा लागतो. वजन एकपटीने त्रास देतं, मंदपणा वर्गाने. हे मला नोकरीतच कळलं होतं, पण आमच्या खात्यात त्यावर पंख देत नसत. असो. बेरीज आली १५०० च्या आसपास.

हा हिशोब करताना मला जो आनंद झाला त्याचं कारण गणित नव्हतं. आजवर वजनाचे जेवढे तक्ते माझ्या वाट्याला आले, त्या सगळ्यांनी माझी कानउघाडणीच केली. डॉक्टरांच्या भिंतीवरचा तक्ता माझी उंची विचारतो आणि त्या उंचीच्या कुणा शहाण्या माणसाचं वजन सांगतो. लिफ्टमधल्या पाटीवर '८ व्यक्ती, ५४४ किलो' असतं; भागाकार केला की माणशी ६८ निघतात. घंटा वाजली की शेवटी शिरलेला माणूस बाहेर पडतो, मग तो कितीही सडपातळ असो, आणि आधीपासून आत असलेले आम्ही छताकडे बघत राहतो. २०२४ मध्ये फिनलंडच्या विमान कंपनीने हेलसिंकीला प्रवाशांना बॅगांसकट काट्यावर उभं केलं. ऐच्छिक होतं म्हणतात. लोक आपणहून उभे राहिले हे वाचून मला फिनलंडबद्दल काळजी वाटली.

फॉइलचा तक्ता मात्र थोर मनाचा. तो कमी करा म्हणत नाही. चालायला जा, भात सोडा, काही नाही. ९५ किलो? बरं, मग हा पंख घ्या.

आणि ही पद्धत जुनी आहे. राइट बंधूंचं १९०३ चं विमान आठवा. त्यातही वैमानिक पालथाच पडायचा, म्हणजे प्रोन. तो मध्याच्या डावीकडे, इंजिन उजवीकडे, आणि इंजिन वैमानिकापेक्षा जड. दुसऱ्या कुणी इंजिनाला डाएटवर ठेवलं असतं. राइट बंधूंनी उजव्या बाजूचा पंख सुमारे चार इंच लांब केला आणि उडाले. पाण्यातला पंखही तसा जुनाच. १९१९ मध्ये टेलिफोनवाल्या बेलसाहेबांच्या पाणपंखी बोटीने कॅनडातल्या एका सरोवरावर ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा विक्रम केला. सरोवरावर, समुद्रावर नव्हे, ही बाब बड्या तलावाच्या रहिवाशांनी लक्षात ठेवावी.

शिवाय वजन बघून पंख देण्याची रीत आमच्या भोपाळातही रोजची आहे, फक्त इथे पंख कापडाचा असतो. आयएलसीए नावाच्या शिडाच्या होडीला बूड एकच, शिडं तीन: ४.७ चौरस मीटर, ५.७६ आणि ७.०६. हलक्या पोरांना लहान शीड, दणकट गड्यांना मोठं. देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर आमच्या इथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत यातल्याच सर्वांत लहान शिडावर, आयएलसीए-४ मध्ये, रौप्यपदक घेऊन आली. तिला मोठं शीड दिलं असतं तर वाऱ्याने होडी आडवी केली असती.

तोच मुद्दा भाच्याला बजावावा लागला, कारण १५०० ऐकल्यावर तो २००० वर गेला. मामाकडचा स्वभाव. मोठा पंख लवकर उचलतो, पण पाण्याला अडतोही जास्त. वळताना हट्ट करतो. आणि एखादी खरोखर मोठी लाट आली की इतकी उचल देतो की पुढचा पाय दाबून दाबून माणूस थकतो, पंख पाण्याबाहेर येतो आणि स्वार तोंडावर आपटतो. त्यातही लांब-अरुंद पंख कमी अडतो आणि दूर घसरतो. आखूड-रुंद पंख शिकाऊ माणसाला सांभाळून घेतो. म्हटलं, १५०० घे, जुना घे, आणि ताईला सांगू नकोस. त्याने घेतला. पोरगं उडतंय. ताईने व्हिडिओ पाहून विचारलं, "बोर्डाखाली पाणी का नाही? पैसे कमी पडतात का रे?"

ही हकिगत मी तात्या टोपे स्टेडियमच्या बाजूने सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींना सांगितली. त्यातली निम्मी १९५६ साली राजधानीबरोबर नागपूरहून आलेल्या घरांतली, बाकीची अस्सल भोपाळी. चहा संपेपर्यंत सगळे गप्प होते. मग एक जण म्हणाला, "खां, हमारा कित्ता बैठेगा?"

मी त्याचे ७८ धरून १३४० सांगितले. तो हिरमुसला. शेजारच्याने स्वतःहून ९५ सांगितले आणि १६०० मिळवले. तिसऱ्याने, जो घरी साखर सोडल्याचं सांगतो आणि न्यू मार्केटात जिलेबी खातो, १०४ जाहीर करून १७५० पटकावले आणि आजूबाजूला पाहिलं. मग पहिल्याने दुरुस्ती केली: काल पोटभर जेवण नव्हतं, ८५ धरा. एकाने खिशातला मोबाइल आणि किल्ल्या मोजायला लावल्या. डॉक्टरांसमोर श्वास आत ओढणारी ही माणसं त्या सकाळी बाहेर सोडून बसली होती. मी सगळ्यांना अडीच टक्के वाढवून दिले, कारण तलावाचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा तेवढं हलकं असतं आणि भोपाळात उडायचं तर पंख थोडा मोठाच लागणार. यावर पेढे वाटल्यासारखं समाधान पसरलं. लाट कुठून आणायची हे कुणी विचारलं नाही.

घरी येऊन तो कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायकोने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, सगळ्यांची वजनं पाहिली, मान हलवली आणि पोळी लाटता लाटता विचारलं, "आणि माझा किती येतो?"

तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस अशा प्रश्नाला आकडेमोड करत नाही. मी लगेच म्हणालो, "नऊशे."

तिने कागदावरचा हिशोब मनातल्या मनात उलटा केला. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, "नऊशेवर मी काही पाण्याबाहेर येत नाही. पण तुम्ही वाचलात."