आठ लाखांच्या आत

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात गरिबी एकदम वाढते. इंजिनीअरिंगच्या फीमध्ये सवलत हवी तर बहुतेकांना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत दाखवावं लागतं. म्हणून मग गावचे बागायतदार, दोन गाळ्यांचे मालक आणि सोसायटीचे चेअरमन दाखल्यासाठी सेतू केंद्रावर फार नम्रपणे उभे दिसतात. दाखल्यावर येतात ७ लाख ९० हजार. बरोब्बर दहा हजार राखून हिशेब जमवणं ही कलाच, पण सीईटीत तिला गुण नाहीत. अडकतो तो पगारदार. फॉर्म १६ ला नम्रता कळत नाही.

२०२४-२५ पासून याच मर्यादेतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. चांगलंच झालं. उरली खोली, मेस, लॅपटॉप आणि प्रवेशाचा काउन्सेलर. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात कॉलेजांचे ३०० पर्याय भरता येतात. काउन्सेलर पैसे मोजून घेतो आणि वर सीओईपी, व्हीजेटीआय लिहितो. शेजारच्या काकू हेच फुकट सांगतात, शिवाय चहा देतात. शैक्षणिक कर्जाचं विचारलं की तो गंभीर होतो. ‘‘त्याचं पॅकेज वेगळं आहे, साहेब.’’