मुखलेपमीमांसा

(एकपात्री प्रयोग. स्थळ : हैदराबाद, काचीगुड्याच्या आसपासचे मराठी मंडळींचे एखादे सभागृह. मंचावर व्याख्यानाचे टेबल, त्यावर तांब्याभांडे, हातआरसा, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि एकाच रंगाच्या दोन ट्यूबा. मीमांसकाची भूमिका स्त्रीने करावी किंवा पुरुषाने, परंतु उजव्या गालावर एक लेप आणि डाव्या गालावर दुसरा लावून प्रवेश करावा. प्रेक्षकांना दोन्ही गालांत फरक दिसला नाही, तर प्रयोग योग्य दिशेने चालला आहे असे समजावे.)

मीमांसक : दैनंदिन प्रसाधनात टिंटेड सनस्क्रीन वापरावे की फाउंडेशन, हा प्रश्न या शहरातील मराठी कुटुंबांत साधारणपणे सकाळी आठच्या सुमारास, न्हाणीघराच्या बंद दारापाशी उपस्थित होतो, आणि दाराच्या आतील पक्ष व बाहेरील पक्ष यांचे हितसंबंध परस्परविरोधी असल्यामुळे त्याचा निर्णय आजतागायत लागलेला नाही. प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे त्वचेत शिरण्यापूर्वीच शोषून घेणारा किंवा विखरून टाकणारा लेप म्हणजे सनस्क्रीन, आणि त्यातच त्वचेच्या रंगाशी मिळतेजुळते रंगद्रव्य घातले की ते टिंटेड होते. फाउंडेशन म्हणजे तेल, पाणी आणि भरपूर रंगद्रव्य यांचे असे मिश्रण, की जे लावल्यावर कपाळ, गाल आणि हनुवटी ही एकाच व्यक्तीची आहेत असा लोकांचा समज व्हावा. पहिला लेप पुढचे नुकसान टाळतो, दुसरा झालेले नुकसान झाकतो. सरकारी परिभाषेत सांगायचे तर एक आरोग्य खात्याचा आणि दुसरा जनसंपर्क खात्याचा आहे, आणि जनसंपर्क खात्याला निधी नेहमीच अधिक मिळतो हे सर्वज्ञात आहे.

(भांड्यातून पाण्याचा घोट घेतो. भांड्याच्या काठाला गव्हाळ डाग उमटतो. तो प्रेक्षकांना दाखवून, रुमालाने पुसून पुढे बोलू लागतो.)

हा वाद नागपूर किंवा नाशिक येथेही होऊ शकतो, परंतु हैदराबादेत त्याला भौगोलिक अधिष्ठान आहे. हे शहर सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेस वसलेले असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या ९ तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या ३ तारखेच्या आसपास, भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, आणि सरळ उभ्या असलेल्या वस्तूची सावली काही क्षण तिच्या पायाखाली गडप होते. खगोलशास्त्रात यास शून्य छाया दिवस म्हणतात. ज्या गावात स्वतःची सावलीसुद्धा दुपारी बारानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत साथ सोडते, तेथील रहिवाशांनी सासरच्या मंडळींकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवू नये, हे ओघानेच आले.

प्रस्तुत विवेचनाची नायिका माहेरची पुण्याची आणि सासरची नांदेडकडच्या घराण्यातली आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच असल्यामुळे अशी घराणी सुलतान बझार, बडी चावडी आणि काचीगुडा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. नायिका अमीरपेटला मेट्रो बदलून रायदुर्गकडच्या काचेच्या इमारतीत कामाला जाते, आणि दिवसभर छपराखाली असल्यामुळे उन्हाचा आपल्याशी संबंध नाही असे तिचे मत आहे. हे मत अर्धेच बरोबर आहे. त्वचा भाजणारे किरण, ज्यांना यूव्हीबी म्हणतात, साध्या काचेने बहुतांशी अडतात. परंतु त्वचेत खोल शिरून तिला काळवंडवणारे आणि सुरकुत्या आणणारे यूव्हीए किरण काचेतून पुष्कळ प्रमाणात आत येतात, आणि खिडकीकडेची जागा मिळावी म्हणून नायिकेने गेल्या वर्षी व्यवस्थापकापाशी रदबदली केलेली आहे. तिच्या संगणकाच्या पडद्यातून निघणारा निळा प्रकाश मात्र उन्हाच्या मानाने नगण्य असतो. त्याची धास्ती घालून विकली जाणारी क्रीमे पाहता व्यापाऱ्यांची कल्पनाशक्ती साहित्यिकांपेक्षा सरस आहे, एवढेच म्हणता येते.

(एक ट्यूब उचलून, चष्मा कपाळावर सरकवून मागची बारीक अक्षरे वाचण्याचा प्रयत्न करतो.)

ट्यूबवर छापलेला एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीविषयी बोलतो. एसपीएफ ३० असलेला लेप प्रयोगशाळेत भाजणाऱ्या किरणांचा साधारण तिसावा भाग आत जाऊ देतो आणि ५० असलेला पन्नासावा, म्हणजे अडवणुकीचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ९७ आणि ९८ टक्के. या एका टक्क्यासाठी मोजावी लागणारी जादा किंमत हा अर्थशास्त्राचा विषय असल्याने येथे सोडून दिला आहे. पीए या अक्षरांपुढील अधिकचिन्हे ही जपानने १९९६ मध्ये रूढ केलेली यूव्हीएची मोजणी असून चिन्हे जितकी जास्त तितके संरक्षण जास्त. परंतु सूर्यप्रकाशाचा तिसरा हिस्सा, जो डोळ्यांना दिसतो म्हणून निरुपद्रवी समजला जातो, त्यासाठी ट्यूबवर कोणताही आकडा नसतो, आणि खरी गोम येथेच आहे. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दृश्य प्रकाशाने गव्हाळ ते काळ्या त्वचेवर दीर्घकाळ टिकणारा काळपटपणा आणला, गोऱ्या त्वचेवर मात्र काहीच परिणाम केला नाही. ज्या त्वचेला ऊन सोसते असे म्हणून कित्येक पिढ्या छत्रीविना हिंडवले गेले, त्याच त्वचेवर वांग अधिक उठतो, म्हणजे गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग पडतात, आणि साधे पांढरे सनस्क्रीन या दृश्य प्रकाशापुढे बरेचसे हतबल ठरते.

त्याला अडवणारा पदार्थ अत्यंत सामान्य आहे : लोहाचे ऑक्साइड, म्हणजेच शुद्ध केलेला गंज. टिंटेड सनस्क्रीनमधील टिंट हा शोभेसाठी घातलेला नसून तोच खरा चौकीदार असतो. ट्यूबच्या मागे सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ असे जे पाच आकडी क्रमांक असतात, ते काचीगुड्याहून सुटणाऱ्या गाड्यांचे नसून अनुक्रमे लाल, पिवळ्या आणि काळ्या लोहऑक्साइडचे आहेत. मराठी रंगभूमीला यात नवे काही वाटण्याचे कारण नाही. जुन्या रंगपटात चेहऱ्याला सफेदा आणि पिवडी फासली जात असे. पिवडीचा पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि सफेदा जस्ताचा असेल तर तो आजच्या खनिज सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइडच. यावरून, समईच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात रात्रभर राजा हरिश्चंद्राची भूमिका करणारा नट उन्हापासून उत्तम रीतीने संरक्षित होता, असा निष्कर्ष निघतो. फक्त रात्री ऊन नसते, ही या निष्कर्षातील किरकोळ त्रुटी आहे.

(दुसरी ट्यूब उचलतो. दोन्ही ट्यूबा शेजारी धरतो. कोणती कोणती हे विसरल्याचा अभिनय. दोन्हींचा वास घेतो, तरी उलगडा होत नाही.)

येथे एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, ती अशी की फाउंडेशनमध्येही नेमके हेच तीन लोहऑक्साइड, आणि तेही अधिक प्रमाणात, असतात. म्हणजे वादी आणि प्रतिवादी हे सख्खे चुलतभाऊ निघाले. आधी साधे सनस्क्रीन आणि ते मुरल्यावर वर फाउंडेशन, असा दुहेरी थर दिला तर शास्त्राची कोणतीही हरकत नाही. हरकत आहे ती हैदराबादची. घराबाहेर असताना सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावे असा दंडक आहे, आणि फाउंडेशन, त्यावर पावडर, पावडरीवर एप्रिलचा घाम अशा तीन थरांवर पुन्हा सनस्क्रीन चोळणे म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अमीरपेट स्थानकात संध्याकाळी सहा वाजता उभे राहावे. टिंटेड सनस्क्रीनवर टिंटेड सनस्क्रीन मात्र आरशाविनाही लावता येते, निदान चेहऱ्यावर भूगोल तरी तयार होत नाही.

फाउंडेशनचा जन्मच मुळी दुरून पाहणाऱ्यांसाठी झाला. १९३०च्या दशकात रंगीत चित्रपटांच्या प्रखर दिव्यांखाली नटांचे चेहरे चमकू नयेत म्हणून हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर यांच्या कंपनीने पॅन-केक नावाचा लेप बनवला, आणि तोच पुढे घरोघरच्या आरशांपाशी पोहोचला. कॅमेरा आणि शेवटची रांग यांच्यासाठी जे योग्य, ते मेट्रोत वीतभर अंतरावर उभ्या असलेल्या सहप्रवाशासाठी योग्य असेलच असे नाही. झाकणे आणि सुचवणे यांतील अंतर समजून घ्यायचे असेल तर सालारजंग संग्रहालयात जावे. तेथे इटालियन शिल्पकार बेंझोनी यांनी घडवलेली अवगुंठित रिबेका आहे, आणि तिच्या संगमरवरी बुरख्यातून संगमरवरी चेहरा दिसतो. टिंटेड सनस्क्रीनने निदान एवढे साधावे. फाउंडेशनने मात्र रिबेका आत आहे की नाही हे कळूच देऊ नये, अशी त्याच्या गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. लग्नात, बारशात आणि रंगमंचावर ही अपेक्षा रास्त आहे, कारण तेथे छायाचित्रे काढली जातात आणि नातेवाईक ती मोठी करून पाहतात.

(टेबलाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन दुकानदार होतो. पाठ ताठ, मान तिरपी.)

छटेचा प्रश्न याहून बिकट आहे. फाउंडेशनच्या डझनावारी छटा मिळतात, टिंटेड सनस्क्रीनच्या पुष्कळदा दोन-तीन, आणि कधी एकच, जिच्यावर ‘सर्वांसाठी’ असे लिहिलेले असते. याच शहरातील सीसीएमबी, म्हणजे पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्र, येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्वचा उजळ करणाऱ्या एका जनुकीय भेदाचे भारतातील प्रमाण समाजागणिक आणि प्रदेशागणिक किती बदलते ते दाखवले होते. एकाच घरातील चहाच्या टेबलाभोवती चार छटा का बसलेल्या असतात, याचे उत्तर अशा संशोधनात सापडते. बेगम बझारातील विक्रेता मात्र ट्यूबलाइटच्या उजेडात नायिकेच्या मनगटावर एक ठिपका देऊन, तिच्या चेहऱ्याकडे न पाहता, ‘हौ मॅडम, एकदम मॅच होरा’ असा निकाल देतो, आणि हाच निकाल तो तिच्या सासूबाईंनाही, त्याच ट्यूबविषयी, त्याच स्वरात देतो. छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेवर, दुकानाबाहेर येऊन, दिवसाच्या प्रकाशात पाहावी हा नियम त्याला सांगितल्यास तो दुकानाबाहेरच्या उन्हाकडे बोट दाखवून ‘इत्ती धूप में?’ असे विचारतो, आणि विक्रेत्याकडून सनस्क्रीनच्या बाजूने केला गेलेला हा एकमेव सच्चा युक्तिवाद होय.

अनेक विक्रेत्यांची प्रवृत्ती एक छटा उजळ देण्याकडे असते. १९७५ पासून देशभर विकल्या गेलेल्या फेअर अँड लव्हली या क्रीमच्या नावातील गोरेपणा २०२० मध्ये गेला. गिऱ्हाइकाच्या मनातील गोरेपणाला मात्र नाव बदलण्यासाठी अद्याप कोणी अर्ज केलेला नाही.

(वजनकाटा पुढे ओढतो. तर्जनी आणि मधले बोट उंच धरतो. येथून पुढे बोलण्याचा वेग वाढत जावा.)

आता मात्रा. हाच या प्रबंधाचा गाभा असून येथेच बहुतेक गृहसौख्य ढासळते. ट्यूबवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटर त्वचेला दोन मिलिग्रॅम लेप लावून मोजलेला असतो. चेहऱ्यापुरता हिशेब केला तर हे सुमारे एक ग्रॅम होते, आणि काटा जवळ नसेल तर तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, मानेसह, असे व्यावहारिक माप आहे. नायिका मात्र टिंटेड सनस्क्रीन हे रंगीत आहे एवढ्यावरून ते फाउंडेशन आहे असे मानते आणि मटारच्या दाण्याएवढे घेते. मात्रा घटली की संरक्षणही त्या प्रमाणात किंवा त्याहूनही अधिक घटते, म्हणून पन्नासाचा आकडा तिच्या गालावर पोहोचेपर्यंत दोन अंकी राहतो की नाही याची शंका आहे. नेमके हेच फाउंडेशनमधील एसपीएफचेही आहे : डब्यावरचा आकडा खरा असतो, पण तो पदरात पडण्याइतके फाउंडेशन लावून कोणी कार्यालयात गेल्यास सुरक्षारक्षक ओळखपत्र पुन्हा पुन्हा पडताळून पाहील.

आणि समजा नायिकेने एके दिवशी शास्त्राज्ञा मानून दोन बोटे पूर्ण भरून लावली, तर सासूबाई न्हाणीघराच्या दारातून एवढेच विचारतात, ‘अगं, तोंड आहे की अंगण? सारवतेस काय इतकं?’ या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर असे की ते थोडे थोडे करून, दोन हप्त्यांत लावावे. परंतु शास्त्रीय उत्तरे सासूबाईंना हप्त्यांत देता येत नाहीत. पंधरवड्याने त्या स्वतःच, आपल्या गालावरचा वांग हा देवघरातील धुरामुळे आहे असे आधी जाहीर करून, ती ट्यूब दोन दिवस पाहायला मागतात. ती परत येत नाही.

(काट्यावर एक ट्यूब ठेवतो. बोटांवर हिशेब.)

पन्नास ग्रॅमची ट्यूब, एका चेहऱ्याला एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून एकदा, म्हणजे पन्नास दिवस. दोनदा लावल्यास पंचवीस. सासूबाई आल्या की साडेबारा. यात मान धरलेली नाही. नायिकेचा नवरा स्कूटरवरून कोठीला जाताना नाकाच्या शेंड्यावर थोडेसे लावतो, ते थोडेसे म्हणजे किती हे तो सांगत नाही, तरी सकाळी ट्यूबचे टोपण उघडे असते. सासरे या वादापासून अलिप्त होते, परंतु उन्हापासून टक्कल सर्वाधिक उघडे असते आणि तेथे लेप लावणे वैद्यकीयदृष्ट्या सर्वथा उचित आहे, हे नायिकेने जेवताना सहज सांगितले, आणि त्या टकलाचे क्षेत्रफळ चेहऱ्याच्या निम्मे धरले तरी अर्धा ग्रॅम, दोन वेळा, रोज एक ग्रॅम—

(पुन्हा मोजतो. चष्मा काढतो. काट्यावरची ट्यूब पिळून पाहतो. शेवटचा थेंब टेबलावर पडतो.)

—सबब या घरात सनस्क्रीनची नोंद मागील महिन्यापासून प्रसाधनाच्या खर्चात न होता दुधाच्या वहीत होते, रोजच्या मापाने, आणि महिन्याच्या अखेरीस बाकी नायिकेच्या नावावर निघते.

(विंगेतून सासूबाईंचा आवाज : ‘अहो, ती दुसरी ट्यूब इकडे पाठवा!’ मीमांसक दोन्ही ट्यूबांकडे पाहतो, दुसरी कोणती हे न कळल्यामुळे दोन्ही उचलून विंगेकडे धावतो. प्रकाश एकदम जातो.)